विश्लेषण : हिमालयात चढण भारताच्याच वाट्याला का? पर्वताच्या जन्मकथेत सीमेवरील युद्धांचे मूळ

श्रीनगरहून लेहकडे जाताना सोनमर्ग मागे पडले की झोजिला लागतो. साडेअकरा हजार फुटांवरची ही खिंड दर हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि लडाखचा काश्मीरशी असलेला रस्ता तुटतो. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. त्यापुढचा, सुमारे १३ किलोमीटरचा झोजिला बोगदा अजून खोदला जात आहे. मनालीच्या बाजूने शिंकू ला, अरुणाचलात सेला, अशी बोगद्यांची यादी वाढतेच आहे. सीमेपलीकडे तिबेटमध्ये मात्र चीनला महामार्ग आणि लोहमार्ग अंथरण्यासाठी सपाट माळ उपलब्ध आहे. एकाच पर्वताच्या दोन बाजूंना इतका फरक का? त्याचे उत्तर कोणत्याही सरकारच्या धोरणापेक्षा जुने, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे.

हिमालय उभा राहिला कसा?

पृथ्वीचे वरचे कठीण कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकत असतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले, तेव्हा त्यांची चेष्टा झाली. महासागरांच्या तळाचे मोजमाप झाल्यावर, १९६० च्या दशकात, ही कल्पना शास्त्राने स्वीकारली.

दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले की काय होते, हे आदळणारे काय आहे यावर ठरते. महासागराचा तळ जड असतो. तो खंडाखाली सरकतो, खोल जाऊन वितळण्यास कारणीभूत ठरतो आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज त्यातून घडला. पण दोन्ही बाजूंना खंडच असतील, तर दोघेही तुलनेने हलके. कुणीच सहज खाली जात नाही. मग खडकांना घड्या पडतात, ते एकमेकांवर चढतात आणि कवच जाड होत जाते. शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘वली पर्वत’ म्हणतात तो हा. आल्प्स असाच झाला आणि हिमालयही.

भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे निघाला तेव्हा मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा वेग एका टप्प्यावर वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक होता. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात हा वेग भन्नाट. आशियाशी टक्कर झाल्यावर तो घसरला, पण थांबला नाही. आजही भारत वर्षाला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्यातील जवळपास २ सेंटिमीटर हालचाल एकटा हिमालय पचवतो. टेथिसच्या तळाशी साचलेला गाळ चुरगाळून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रातला आहे, तो यामुळेच. पुरावा हवा तर अनेकांना देवघरापलीकडे जावे लागणार नाही. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म.

पुढची गोष्ट युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाची. भारतीय भूपट्टाची पुढची कड तिबेटच्या खाली शिरली. एरवी खंडाचे कवच ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास आहे. जाड लाकडाचा ओंडका पाण्यात जसा अधिक वर उचललेला दिसतो, तसे हे जाड कवच खालच्या प्रावरणावर उंच तरंगते. म्हणून तिबेट नुसता डोंगराळ नाही, तर सरासरी साडेचार हजार मीटरहून उंच असे अफाट पठार आहे. हिमालय ही त्या पठाराची दक्षिणेकडील कड.

सह्याद्रीशी तुलना का?

पठाराची कड म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. सह्याद्री टकरीतून झालेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर आणि पश्चिमेकडील भूभाग तुटून गेल्यावर उरलेली कड, अशी त्याची घडण. तरीही कोकणातून घाट चढणाऱ्यासमोर कातळकडा उभा राहतो आणि देशावरून येणाऱ्याला घाटमाथा आला हे समोर दरी दिसेपर्यंत कळत नाही. ही विषमता छत्रपती शिवाजी महाराजांनी नेमकी हेरली होती. १६६१ मध्ये कारतलब खानाची फौज लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरताना उंबरखिंडीत कोंडली गेली, तेव्हा मोगलांच्या संख्येला काही अर्थ उरला नाही. मराठ्यांच्या लष्करी वास्तुरचनेतील १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्यातील अनेक किल्ल्यांचा पहिला तट हा बेसॉल्टचा उभा कडाच आहे.

हिमालयात हेच चित्र काही पटींनी मोठे होते, फक्त घाटमाथा दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

१९६२ मध्ये चढण किती महाग पडली?

अरुणाचलातील (तेव्हाचा नेफा) लढाईचा तळ होता आसाममधील तेजपूर, जवळजवळ समुद्रसपाटीचाच. तिथून निघालेल्या जवानाला तवांगला पोहोचण्यासाठी १३ हजार ७०० फुटांवरची सेला खिंड ओलांडावी लागे. पुढे नामका चू नदीच्या खोऱ्यापर्यंत रस्ताच नव्हता. पंजाबच्या मैदानात लढण्याचा सराव असलेल्या चौथ्या डिव्हिजनच्या तुकड्या सुती गणवेशात, मोजका दारूगोळा घेऊन पायी गेल्या. विमानातून टाकलेल्या सामानाचा मोठा भाग दऱ्यांत पडला. समोरच्या थागला धारेवर चिनी सैनिक वर होते, भारतीय ठाणी खाली नदीकाठी. चिनी सैनिक पठारावरच राहत असल्याने विरळ हवेला सरावलेले होते आणि त्यांचा रस्ता आघाडीच्या बराच जवळ आलेला होता. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि सातवी ब्रिगेड काही तासांत विस्कटली.

या पराभवाला राजकीय आणि लष्करी चुका कारणीभूत होत्याच. त्यांची चर्चा सहा दशके चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. पण मैदानातून थेट चार हजार मीटरवर चढलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी होऊ शकते, डोके बधिर होते, ही गोष्ट नकाशावर बाण काढणाऱ्यांनी जमेस धरली नव्हती. आज जवानांना ठरावीक उंचीवर ठरावीक दिवस थांबवून मगच पुढे पाठवले जाते. हा नियम त्या अनुभवातून अधिक काटेकोर झाला.

त्याच युद्धात लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबरला १३ कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली लढली. सुमारे १२० जणांपैकी ११०हून अधिक धारातीर्थी पडले. या ठाण्याला तोफखान्याचा आधार मिळू शकला नाही, कारण भारतीय तोफा आणि ठाणे यांच्या मध्ये डोंगराची धार आडवी येत होती.

सीमा नेमकी कुठे, हाही खडकांचाच प्रश्न?

बराचसा. डोंगराळ सीमा आखताना सोपा नियम असतो : पाणी या बाजूला वाहते तो देश आपला, त्या बाजूला वाहते तो त्यांचा. म्हणजेच जलविभाजक. पर्वताचा माथा आणि जलविभाजक एकच असेल तर हा नियम छान चालतो. हिमालयात तो अनेक ठिकाणी मोडतो, कारण इथल्या काही नद्या पर्वतापेक्षा वयाने मोठ्या आहेत. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या तिन्ही कैलास-मानसरोवराच्या परिसरात, म्हणजे हिमालयाच्या मागे उगम पावतात. पर्वत हळूहळू वर येत राहिला आणि नद्या तितक्याच चिवटपणे तो कापत राहिल्या. परिणामी सर्वांत उंच शिखरे एकीकडे आणि जलविभाजक दुसरीकडे.

१९१४ च्या सिमला परिषदेत आखलेली मॅकमोहन रेषा याच पेचात सापडते. लहान प्रमाणाच्या नकाशावर जाड रेघ ओढली गेली आणि थागला परिसरात ती रेघ मुख्य धारेच्या दक्षिणेला पडली. रेषेमागचे तत्त्व जलविभाजकाचे असल्याने सीमा थागलाच्या माथ्यावरच आहे, ही भारताची भूमिका. चीनला रेषाच मान्य नाही आणि वाद घालताना मात्र तो नकाशावरच्या रेघेवर बोट ठेवत असे. १९६२ ची ठिणगी पडली ती याच धारेखाली.

अक्साई चीनचा मामला आणखी अवघड. तिथले बरेचसे पाणी ना सिंधूला मिळते ना कुठल्या समुद्राला. ते खाऱ्या सरोवरांतच जिरते. दक्षिणेला काराकोरम, उत्तरेला कुनलुन. मग सीमा कोणत्या रांगेवर? ब्रिटिशांनीच १८६५ मध्ये एक आणि १८९९ मध्ये दुसरी रेषा सुचवली. पहिली अक्साई चीनला काश्मीरमध्ये घेते, दुसरी त्याचा बहुतांश भाग बाहेर ठेवते. या ओसाड, पण सपाट पठारावरून चीनने १९५७ पर्यंत शिनजियांग-तिबेट रस्ता नेला. सपाट जागा नसती, तर तो रस्ता तिथून गेलाच नसता.

लडाखमधल्या रस्त्यांची आखणीही जमिनीखालच्या भेगांनी केली आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. नुब्राचे खोरे काराकोरम विभंगाच्या रेषेवर आहे. खडक जिथे फुटून कमकुवत झाला तिथे नदी-हिमनदीने दरी कोरली आणि सियाचिनच्या तळाकडे जाणारा रस्ता त्याच दरीतून गेला. दौलत बेग ओल्डीकडे जाणारा २५५ किलोमीटरचा रस्ता श्योक नदीच्या खोऱ्याला धरून जातो. गलवान नदी जिथे श्योकला मिळते, त्या अरुंद घळीत जून २०२० मध्ये भारताचे २० जवान हुतात्मा झाले. त्या रात्री शस्त्रांइतकेच गोठवणारे पाणी आणि दरीचा उतारही जीवघेणे ठरले. पुढे ऑगस्टअखेरीस भारतीय सैन्याने पँगाँगच्या दक्षिणेकडील कैलास रांगेतील माथे ताब्यात घेतले आणि वाटाघाटींचा सूर बदलला. त्या माथ्यांमध्ये रेझांग लाही होता. डेपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत समझोता व्हायला मात्र ऑक्टोबर २०२४ उजाडले.

उंची असली की विजय ठरलेला?

नाही. कारगिल हे त्याचे उदाहरण. १९९९ मध्ये पाकिस्तानी सैनिकांनी द्रास-कारगिलच्या डोंगरमाथ्यांवर ठाणी उभारली, कारण तिथून श्रीनगर-लेह महामार्ग थेट नजरेखाली येत होता. द्रास सुमारे १० हजार ८०० फुटांवर, तर टायगर हिल साडेसोळा हजार फुटांच्या वर. मैदानात हल्लेखोर बचाव करणाऱ्याच्या तिप्पट असावेत असा ढोबळ ठोकताळा आहे. डोंगरात तो आकडा कितीतरी वाढतो. उघड्या, झाडझुडूप नसलेल्या उतारावर जवानांना रात्री चढावे लागले. विरळ हवेत तोफगोळा मैदानापेक्षा लांब जातो, त्यामुळे नेमबाजीची गणिते नव्याने करावी लागली. हवाई दलालाही हीच अडचण आली. तोलोलिंग १३ जूनला आणि टायगर हिल ४ जुलैला परत मिळाले. भारताने ५२७ जवान गमावले.

माथ्यावर बसलेल्यालाही रसद खालूनच आणावी लागते, हे या युद्धात पाकिस्तानला जड गेले. डोंगरात अनपेक्षित वाट शोधणारा जिंकतो, हे तर त्याच भागात ५१ वर्षे आधी दिसले होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी मेजर जनरल के. एस. थिमय्या यांनी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजिलावर चढवले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या गावीही नव्हते. १९६२ मध्ये चीनने नेमके हेच भारताविरुद्ध केले. सेलाची भक्कम मोर्चेबंदी समोरून फोडत न बसता एक तुकडी १९१३ मध्ये ब्रिटिश अधिकारी बेली ज्या पायवाटेने फिरले होते तिच्यावरून मागे उतरली आणि सेला ते बोमडिला रस्ता कापला.

हवेत मात्र गणित उलटे फिरते. तिबेटमधील विमानतळ पठारावर असल्याने विरळ हवेत लढाऊ विमानांना कमी इंधन, कमी बॉम्ब घेऊन उडावे लागते. तेजपूर, छाबुआ किंवा बरेलीहून उडणाऱ्या विमानांवर ही मर्यादा नाही. ज्या खोलगट मैदानामुळे जवानाला चढण लागते, तेच मैदान वैमानिकाच्या फायद्याचे. १९६२ मध्ये भारताने लढाऊ विमाने वापरलीच नाहीत, ही रुखरुख अनेक लष्करी अभ्यासकांना आजही आहे.

शत्रू कोण, समोरचा की पर्वत?

पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी आल्प्समध्ये भिडले. दोन्ही बाजूंनी डोंगर आतून पोखरून शिखरेच उडवून दिली. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा शिखराखालच्या एका ऑस्ट्रियन छावणीवर हिमकडा कोसळला आणि गोळी न झाडता शेकडो सैनिक गेले.

सियाचिनमध्ये हेच वारंवार घडले. १९७२ नंतरच्या नकाशावर नियंत्रण रेषा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपाशी संपते. पुढे ती ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ जाते एवढेच शब्द होते. इतक्या उंचीवर कोण जाणार, हा त्यामागचा समज. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये भारताने साल्टोरो धारेवरील बिलाफोंड ला आणि सिया ला ताब्यात घेतल्या. तेव्हापासून दोन्ही देशांनी तिथे गोळीपेक्षा हवामानामुळे अधिक माणसे गमावली आहेत. एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथे हिमस्खलनात पाकिस्तानचे सुमारे १४० जण गाडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम ठाण्यावर भारताचे १० जवान. २००३ पासून तिथे बंदुका जवळपास शांत असतानाची ही जीवितहानी आहे.

८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने तर नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंची गावे आणि लष्करी ठाणी एकाच मिनिटात हादरवली. पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या भागात ७० हजारांहून अधिक मृत्यू झाले. नंतर मदतीसाठी नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी ये-जा खुली करावी लागली.

मग बोगदे आणि रस्ते हाच उपाय?

रस्त्यावाचून गत्यंतर नाही, हे १९६२ ने शिकवले. रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, सेला बोगदा मार्च २०२४ मध्ये. शिंकू लाखालचा बोगदा सुमारे १५ हजार ८०० फुटांवर होतो आहे. पण हिमालय अजून घडतो आहे. भारतीय आणि आशियाई भूपट्टांची रेटारेटी चालू असताना खडक दुमडलेले, चिरफाळलेले आणि पाण्याने भरलेले असतात. काही मीटर अंतरावर कठीण खडक संपून भुसभुशीत भाग लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीजवळ सिलक्यारा बोगद्याचा भाग कोसळून ४१ कामगार १७ दिवस अडकले, तेव्हा ही बाब देशाने टीव्हीवर पाहिली. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये बोगदा खोदणे आणि इथे खोदणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्वेक्षणाचा वेळ वाचवून काम पुढे रेटण्याचा मोह हिमालयात परवडत नाही.

चारधाम रस्त्यांच्या रुंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने संरक्षणाची गरज मान्य करून सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी १० मीटर रुंदीला परवानगी दिली. त्यांतलाच एक रस्ता जोशीमठवरून मानाकडे जातो. जोशीमठ हे जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेले शहर आहे, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथली शेकडो घरे तडकली. शहरात लष्कराची मोठी छावणी आहे आणि तिथल्या काही इमारतींनाही तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले, तिस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि खाली उभी असलेली लष्करी वाहने व जवानही. सीमेकडे जाणारा रस्ता पुरात गेला तर सीमेवरची तुकडीही तुटते. त्यामुळे डोंगर जपणे आणि सीमा जपणे हे दोन वेगळे विषय मानण्याची सोय आता उरलेली नाही. उतार बांधून काढणे, पाण्याचा निचरा, राडारोडा नदीत न टाकणे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांवर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते आणि सहसा कात्री याच कामांना लागते.

झोजिलाच्या प्रकल्पातही मुख्य बोगद्याइतकाच कसोटीचा भाग आहे तो त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा. सोनमर्ग ते बालटाल या पट्ट्यात वरून हिमस्खलन होते. तिथे छोटे बोगदे आणि रस्त्यावर छत धरणाऱ्या हिमरोधक कमानी बांधाव्या लागत आहेत. बोगदा आतून बारमाही खुला राहिला, तरी त्याच्या तोंडापर्यंत गाडी पोहोचते की नाही, हे दर जानेवारीत वरचा बर्फच ठरवणार आहे.